दोरवाल्या

फोटोत आजी इझबेल यार्मथच्या धक्क्यावर उभी आहे,
सन चौतीस,
सुरीपासून वाचवायला बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या,
आणि पोटऱ्या अशा, की कुणी
जहाजाचे दोर पिळून कातडीखाली भरलेत.

बकी बंदरात काउई आडनावाची चाळीस घरं,
म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव.
कुणी पाव, कुणी बगळे.
आम्ही दोरवाले.
दोरवाल्यांच्या बायका दोघांचं पिंप एकटीनं लोळवतात,
असं पाद्रीसुद्धा म्हणायचा.
सोयरीक जुळायला तेवढं पुरे होतं.

हेरिंगच्या पोटावरून आजीचा अंगठा नुसता फिरायचा
आणि तिला कळायचं:
हा जुलैचा, चरबीनं तट्ट,
हा अंडी टाकून रिता झालेला, त्याची टोपली वेगळी.
मिनिटाला चाळीस मासे.
एकही चुकीच्या टोपलीत नाही.

तिची स्वतःची चरबी कुठल्या टोपलीत पडतेय
हे मात्र कुणाच्याच अंगठ्याला कळलं नाही.
एक्कावन्नाव्या वर्षी बसल्या बसल्या गेली, पिंपावर हात ठेवून.
कष्टानं गेली, म्हणाले.
जेसी मावशी सेहेचाळीसची, दोन दिवस पोट धरून कण्हली.
पोटानं गेली, म्हणाले.
आई पाणी पीत राहिली. रात्री उठून पाणी,
चर्चमध्ये जाताना पिशवीत पाण्याची बाटली.
तिच्या वेळेस निदान साखर हा शब्द आला होता.

खाल्लेलं अंगी लागत नाही बाई तुमच्या, असं शेजारणी म्हणायच्या,
थोड्या हेव्यानंच.
मला शाळेत भालाफेकीच्या संघात घेतलं
नुसते दंड बघून.
भाला कधी वीस पावलांपुढे गेला नाही.

ॲबर्डीनला रक्त काढलं, नळी उभी करून ठेवली.
तासाभरानं वर साय धरली होती.
दुधावरची साय मी रोज बघते. रक्तावरची
बघायला नर्सनं दुसऱ्या नर्सला बोलावलं.
काटा म्हणत होता, वजन उत्तम.
डॉक्टर मकहार्डीनं माझ्या मांडीला चिमटा काढून बघितला,
पुन्हा बघितला.
चिमटीत काही येईना.

मग ती बराच वेळ बोलली.
मला समजलं ते माझ्या भाषेत असं:
मासे तर रोज येतात, पण आमच्याकडे पिंपंच कमी.
हातापायांत एकही नाही, मांड्यांत नाही.
मग माल धक्क्यावर पडतो,
बाकांखाली, चर्चच्या पायऱ्यांवर,
यकृतात, रक्तात, हनुवटीखाली,
जिथे त्याचं काही काम नाही.
चरबी जास्त झाली म्हणून नव्हे,
तिला घर मिळालं नाही म्हणून.

आणि हे सगळं एका अक्षरापायी.
कुणा जुन्या दोरवालीकडून लिहिताना चुकलं असेल,
पुढच्या काही जणींनी
ते इमानानं तसंच गिरवलं.
भावाकडे पण आहे. पुरुषांत दिसत नाही फारसं.
तो म्हणाला, मला कुठे काय होतंय,
आणि बोट घेऊन गेला.

आता घरात लोणी नाही.
हेरिंग ओटच्या पिठात घोळवून तव्यावर टाकते, थेंबभर तेलात,
ते चिकटतं, फाटतं,
आजी असती तर असला मासा मांजराला घातला असता.

लॉर्ना अकरा वर्षांची आहे.
आमच्याकडे वयात येईपर्यंत काहीच कळत नाही.
बाळसं असतं. मग एका वर्षात
कुणीतरी आतून ओढून नेल्यासारखं उतरतं.
तपासणीचं पत्र फळीवर आहे, डब्यामागे.
नाणं वर उडवलंय, अजून खाली यायचंय.

काल बंदरातल्या कुंडात ती उड्या मारत होती,
ओली होऊन माझ्याजवळ आली, थंडीनं निळी,
टॉवेल गुंडाळताना माझा हात
तिच्या मांडीशी थांबला.

चिमटा बसला. चांगला जाडसर.

"आई! दुखतंय!"

हो, म्हटलं. हो गं.
आणि लगेच सोडलं नाही.